झोपू दिलेली मावशी
अन्याय माझ्या मावशीवर झाला, गणपती बसले त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी, दिल्लीतल्या एका इस्पितळात, आणि कंबरेच्या बामचा वास आला की मला तो वॉर्ड आठवतो. मूत्रपिंडं अधू असूनही तिला कंबरेसाठी स्नायू सैल करणारी गोळी धडधाकट माणसाला देतात त्याच मात्रेत चालू होती. कूलर घरघरत होता. लक्ष्मीबाई नगरच्या शेजारणी मोदक घेऊन आल्या, तर आईने त्यांना दारातच गप्प केलं, "श्श! किती दिवसांनी डोळा लागलाय बिचारीचा." सिस्टरही "सोने दो आंटी को" म्हणत पुढच्या खाटेकडे गेली, अख्ख्या वॉर्डाला ती एकटीच होती. मला मात्र ते घोरणं विचित्र वाटलं, मधेच थांबायचं, मग एकदम ओढल्यासारखं यायचं. मी मावशीला हाका मारल्या, गदागदा हलवलं, हात उचलला तर तो ओल्या फडक्यासारखा पडला. "सिस्टर, ये सो नहीं रहीं!" मी ओरडले. "आप डॉक्टर हैं क्या?" असं फणकारत ती आली, मावशीचा श्वास बघितला आणि डॉक्टरांकडे धावत सुटली. गोळी अंगात साचली होती. डायलिसिस करून मावशीला वाचवलं. अशा रुग्णाला उठवून बघायचं असतं, हे सिस्टरला कोणी शिकवलंच नव्हतं, आणि शिकवलं असतं तरी एकटीने किती जणांना उठवलं असतं? आज त्याच इस्पितळाबाहेर रुग्णांच्या नातेवाइकांना पत्रकं वाटताना मी हेच सांगते: तुमचं माणूस या गोळीवर असेल तर 'झोपू द्या' ऐकून घेऊ नका, त्याला उठवून बघायला लावा, आणि वॉर्डाला दुसरी सिस्टर मिळेपर्यंत अधीक्षकांच्या दारातून हलू नका.