मापकाकूची कागदाची कॉट

आमच्या समोरच्या दारात राहते तिला सगळी इमारत मापकाकू म्हणते. मी तिच्याहून पंधरा वर्षांनी मोठी, तरी मीही मापकाकूच म्हणते, कारण दुसऱ्या कुठल्या नावाने हाक मारली तर ती ओ देत नाही. पडद्यांच्या दुकानात तिने तीस वर्षं नोकरी केली. दुकानात बसणं कमी, लोकांच्या घरी जाऊन खिडक्या मापणं जास्त. खिडक्या मापता मापता तिला घरंच मापायची खोड लागली. कुणाकडे चहाला गेली तरी कपाला हात लावायच्या आधी हिची नजर चारी कोपरे फिरून येते.

माझं जेवणाचं टेबल तिनेच घालवलं.

"मावशी, तुम्ही एकट्या आणि टेबल सहा जणांचं. बाकीचे पाच कधी येतात?"

म्हटलं, "मुलं येतात ना, वर्षातून एकदा. दोन दिवस राहतात."

"म्हणजे दोन दिवसांसाठी तीनशे त्रेसष्ट दिवस मांडीला टोक लावून घ्यायचं?"

टेबल गेलं. त्या जागी भिंतीला बिजागऱ्या लावून घडीची फळी आली. जेवण झालं की मिटायची. खिडकीचा पडदा तिने खिडकीपुरता न ठेवता छतापासून जमिनीपर्यंत सोडला, तर खोली एकदम उंच वाटायला लागली. मी तीच, खोली तीच, पण आल्यागेल्याने विचारावं, भिंत पाडली का हो?

तिची एक रीत आहे. नवीन वस्तू घ्यायच्या आधी वर्तमानपत्रं एकमेकांना चिकटवून त्या वस्तूच्या मापाचा कागद जमिनीवर अंथरायचा आणि दोन दिवस त्याच्याभोवती वावरायचं. कागदावर सारखा पाय पडला तर समजायचं, वस्तू आडवी येणार. ती म्हणते, "दुकानात सगळंच लहान दिसतं, कारण दुकान मोठं असतं."

मापायची तिची फीत मात्र बघण्यासारखी. कापडी, पिवळी, आणि पुढचे दोन इंच झिजून तुटलेले. सुरुवातच दोनच्या आकड्यापासून. म्हणजे फीत जे सांगेल त्यातून दोन वजा करायचे. नवी घे म्हटलं तर म्हणते, "नव्या फितीला माझा हात ओळखीचा नाही." तिचं लाकडाचं काम करणारा मिस्त्री ठरलेला. वीस वर्षं तिने फितीवरचा आकडा जसाच्या तसा सांगायचा आणि त्याने मनात दोन कमी करायचे. कधी चूक झाली नाही.

तर गेल्या साली तिची मोठी बहीण, ताई, पाय घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण पुढे वॉकर धरूनच चालायचं. ताईचा मुलगा परदेशात निघालेला. त्याने एका वृद्धाश्रमात जागा बघितली. चांगली होती म्हणे, पण बसने चार तास लांब. शनिवारपर्यंत कळवायचं होतं.

मापकाकूने ऐकलं आणि म्हणाली, "ताई माझ्याकडे राहील."

तिचं घर म्हणजे एक खोली, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर. त्यात ती आणि तिचा नवरा. नवरा बिचारा मान हलवून मोकळा झाला, पण ताई कसली ऐकते! दवाखान्यातूनच फोनवर म्हणाली, "तुझ्याकडे मांजर वळायला जागा नाही. मी येणार आणि तुम्ही दोघं भिंतीला पाठ लावून उभे राहणार. ते मला नको. कॉट मांडून माझी मी न्हाणीघरापर्यंत गेले, कुणाचा हात न धरता, तर राहीन. नाहीतर ती लांबची खोली बरी."

झालं. मापकाकूने जमीन कागदांनी भरून काढली. दोघं दिवाणावर झोपतात. त्याची खालची फळी रात्री बाहेर ओढली की तो केवढा होतो, त्याचाही कागद. कपाटाची दारं बाहेर उघडायची, ती काढून टाकली आणि तिथे पडदा लावला. न्हाणीघराचं दार आत उघडायचं, ते बाहेरच्या बाजूला फिरवलं. पायपुसणं वॉकरच्या पायांत गुंडाळेल म्हणून उचलून माझ्याकडे आणून टाकलं. ताईच्या कॉटचा कागद खिडकीखाली, कपाटासमोर. कॉट आणि कपाटाच्या मधे वाट उरली सव्वीस इंच. दवाखान्यातला वॉकर ती जाऊन मापून आली. चोवीस.

"दोन्हीकडे एकेक इंच," मला म्हणाली. "बसतंय, मावशी."

मी म्हटलं, "बसतंय तर मग तोंड का एवढंसं?"

"ताईचं काम आहे हो. दुसऱ्याचं असतं तर हसत केलं असतं."

गुरुवारी दुपारी मिस्त्रीने कॉट आणली. खाली खण असलेली, छान घासून गुळगुळीत केलेली. कागदावर ठेवली, तर चारी बाजूंनी कागद डोकावतोय! मापकाकूने फीत लावली. लांबी दोन इंच कमी. रुंदी दोन इंच कमी. उंचीसुद्धा.

"मिस्त्री, हे काय केलंत?"

"तुम्ही सांगितलं तेच. दोन कमी करून."

"अहो, या खेपेला दोन मीच कमी केले होते! ताईचं आहे, चूक नको म्हणून."

"मग तसं बोलायचं ना, काकू! मी वीस वर्षं कमी करतोय, आज का थांबू?"

मग मापकाकू त्या कॉटवरच बसली. तीस वर्षं लोकांच्या घरात जिचा आकडा चुकला नाही, तिचा स्वतःच्या घरात चुकला. आणि दिवस उरला एक, कारण शुक्रवारी ताईला घरी सोडणार होते. दुसरी कॉट व्हायला आणखी चार दिवस लागले असते.

तिचा नवरा तसा मितभाषी. तो म्हणाला, "अगं, कॉट लहान झाली, मोडली तर नाही."

मग कामाला लागली. मिस्त्रीने पायांखाली दोन इंचांचे ठोकळे घट्ट बसवले, नाहीतर बुटक्या कॉटवरून ताईला उठता आलं नसतं. गादी सगळीकडून जिभेसारखी बाहेर आलेली. मापकाकूने खोळ उसवली, आतला फोम सुरीने कापला आणि खोळ पुन्हा शिवली. सुईत दोरा मी ओवून देत होते, म्हणजे चारदा चुकून पाचव्यांदा.

शुक्रवारी ताई आली. जिने चढायचे असते तर दोघांनी खुर्चीत उचलून आणली असती आणि लोक म्हणाले असते पालखी. पण घर तळमजल्यावर, म्हणून आपल्या पायांनी आली. कॉटवर बसली, हाताने चाचपून म्हणाली, "ही कॉट आहे की शाळेचा बाक?"

"झोपून बघ, मग बोल," मापकाकू.

"झोपायला नाही आले, चालायला आले. सरका सगळे."

आम्ही सरकलो. मी दारात, मिस्त्री माझ्या मागे, नवरा स्वयंपाकघरात, मापकाकू भिंतीशी. ताई वॉकर धरून उठली. एक पाऊल. दुसरं. कपाटाशी आली आणि मला दिसलं ते मापकाकूलाही दिसलं असणार. वॉकर चोवीस इंचांचा, पण ताई काही चोवीस इंचांची नाही. दांडे धरले की तिची कोपरं पंखांसारखी बाहेर येतात. वॉकर मापला, माणूस मापायचं राहिलं! मापकाकूने पदर तोंडाशी नेला.

ताईने वॉकर जरा कॉटच्या बाजूला घेतला. कोपर कपाटाच्या पडद्याला घासत गेलं, लाकडाला लागलं नाही. तीच ती दोन इंच जागा, कॉट लहान झाल्यामुळे उरलेली. ताई पुढे गेली, वळली, न्हाणीघराचं दार बाहेर ओढलं, आत गेली आणि आतून कडी लावली.

कडीचा आवाज ऐकून मापकाकू रडायला लागली. मिस्त्री माझ्या मागून हळूच म्हणाला, "काकू, बरोबर माप असतं तर अडकल्या असत्या हो."

"गप्प बसा," मापकाकू डोळे पुसत म्हणाली. "हे कुणाला सांगितलंत तर बघा."

मी मात्र आता सगळ्यांना सांगते. घर लहान असेल तर कपाट मापा, कॉट मापा, आणि मग दोन्ही हात कमरेवर ठेवून स्वतः त्या वाटेने चाला. फितीला कोपर नसतं.

ताई बाहेर आली, तशीच एकटी चालत कॉटपर्यंत गेली, बसली आणि मुलाला फोन लावायला सांगितलं. "त्या लोकांना कळव, खोली दुसऱ्या कुणाला द्या म्हणावं. मी इथे आहे." तो काही विचारत असावा, कारण ती म्हणाली, "हो रे, वळायला जागा आहे. मी वळले."

फोन ठेवला आणि वर बघून म्हणाली, "पण हे दिव्याचं बटण एवढं वर कुणी लावलं? मी काय उड्या मारू?"

शनिवारी सकाळी मिस्त्री बटण खाली आणायला माणूस घेऊन आला. किती खाली, यावरून दोघी बहिणी इतक्या भांडत होत्या की मी माझं दार उघडं ठेवून, घडीची फळी पाडून, चहा पीत सगळं ऐकलं.