संवादासाठी सोडलेली जागा

समोरचा काय बोलतोय याकडे काकांचं लक्षच नसायचं. टेबलावर बोट आपटत ते सेकंद मोजायचे आणि तुम्ही थांबलात की विचारायचे, "श्वास कुठे घेणार?"

कोपरला आमच्याच इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर राहायचे. फुटपाथ अडवणाऱ्यांविरुद्धचं आमच्या संघटनेचं पत्रक घेऊन मी सही मागायला गेलेले. त्यातली मोर्चाची घोषणा ठणकावून वाचून दाखवली. बोटाची टकटक. "अकरा सेकंद. अगं, मोर्चात चालताना माणसाला धाप लागते. अर्धी कर." डोकंच फिरलं माझं. पण अर्धी केली, आणि मोर्चाच्या दिवशी पहिल्यांदा मागच्या रांगेतल्या बायकाही ओरडल्या.

तुम्हीही त्यांचं संगीत ऐकलंय. नक्की ऐकलंय. सासू दारात उभी राहते, सून वळते, तेव्हा मागे जे वाजतं ते आमच्या काकांचं. कितीतरी वर्षं मालिका, अधूनमधून चित्रपट. पडद्यावर नाव आलं की पापणी लवेपर्यंत गायब. मी भडकायचे. "काका, यावर पत्रक काढू या!"

"सासूचं बोलणं नीट ऐकू आलं ना? मग माझं काम झालं."

त्यांचं स्वतःचं काम कपाटात होतं. आठ व्हायोलिन, एक चेलो आणि संबळ यांच्यासाठी चाळीस मिनिटांची रचना. समोर चित्र नाही, गाणं नाही, नुसतं वादन. मालिकांमधून वेळ मिळेल तशी लिहिलेली. शेवटी कल्याणला एक सभागृह मिळालं, वादक जमले. मी तालमीला खुर्च्या मांडायला.

मध्येच सगळे थांबले. चेलोवाली मुलगी म्हणाली, "सर, इथे आठ सेकंद कुणालाच काही नाहीये. पुढेही असंच. इथे काय होतं?"

काकांनी पानं उलटली. चेहरा उतरला. "इथे... कोणीतरी बोलतं."

सवयीने त्यांनी संवादासाठी जागा सोडलेल्या. नसलेल्या पात्रांच्या संवादासाठी! एकूण सात.

घरी येऊन म्हणाले, "रद्द करतो. लोक म्हणतील, याला मालिकेशिवाय काही येत नाही."

"मग भरा त्या जागा."

दोन दिवस पेन्सिल घेऊन बसले. लिहायचे, खोडायचे. "भरल्या की गुदमरतं गं. आणि रिकाम्या ठेवल्या तर लोक त्यात बोलणार. माझ्या संगीतावर लोक बोलतातच. जन्मभर बोललेत."

माझ्याकडे यावर घोषणा नव्हती. त्यांचंच वाक्य होतं. "काका, भरल्यात तर श्वास कुठे घेणार?"

 त्यांनी खोडरबर बाजूला ठेवला.

मी मात्र गप्प बसणारी नव्हे. 'मोबाइल बंद. तोंडही बंद!' असं पत्रक छापून कार्यक्रमाच्या दिवशी सभागृहाच्या दारात उभी राहिले. काकांनी गठ्ठाच काढून घेतला. "दम देऊन शांतता मिळत नसते, बाई."

पहिली जागा आली. कोणीतरी खोकलं. दुसऱ्या जागेत एका गृहस्थांनी वेफर्सचं पाकीट फोडलं. मी त्यांच्या दिशेने निघालेच होते, पण हात पाकिटातच ठेवून ते स्वतःच थिजले. चौथ्या जागेपासून सभागृह वाट बघायला लागलं. सहाव्या जागेत पंख्याचा आवाज ऐकू आला. सातव्या जागेत मीसुद्धा गप्प होते, ही बातमी आमच्या संघटनेत अजून कोणाला पटत नाही.

टाळ्या उशिरा आल्या, पण थांबेनात. काका विंगेत पडदा धरून उभे होते. मला म्हणाले, "कोणीच बोललं नाही गं." आणि धपकन खुर्चीत बसले, तिसरा मजला चढून आल्यासारखे.

गेल्या वर्षी ते मुलीकडे कोल्हापूरला राहायला गेले. त्यांच्या घरात आता नवं बिऱ्हाड आहे. संध्याकाळी त्या बिऱ्हाडाच्या टीव्हीवर एखादी जुनी मालिका लागते, सासू दारात उभी राहते, मागे ते वाजतं. मी जिन्यात थांबते. सासू बोलायला लागली की वर जाते.