अक्का आणि किरणांची गोष्ट

मी शास्त्रज्ञांच्या गोष्टी लिहितो. अक्काला ऐकवल्याशिवाय त्यातली एकही मी छापायला दिली नाही. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, गडहिंग्लजला दिलेली. आई गेली तेव्हा सातवीतून तिची शाळा सुटली ती सुटलीच. माझी मात्र तिनं सुटू दिली नाही. मी फोनवर वाचायचो आणि ती मध्येच तोडायची, "हे काय मला कळलं न्हाय बघ. त्या माणसाचं पुढं काय झालं ते सांग की." तेवढा परिच्छेद मी खोडून टाकायचो.

तिला घशाचा कॅन्सर निघाला. शेक घ्यायला ती आणि दाजी कोल्हापूरला माझ्याकडं येऊन राहिले. रेडिएशनला आमच्याकडं सगळे शेकच म्हणतात. दवाखान्यातल्या बाकड्यावर नंबरची वाट बघत बसलो असताना तिनं विचारलं, "हे कुणी शोधून काढलं रं?"

मी तेव्हा तीच गोष्ट लिहीत होतो. रेडियम काढायला गळक्या शेडमध्ये लोखंडी दांड्यानं रटरटतं खनिज ढवळणारी बाई, अंधारात चमकणाऱ्या तिच्या बाटल्या, घोडागाडीखाली सापडून गेलेला तिचा नवरा. शेजारचे पेशंटही कान देऊन ऐकू लागले.

"मग? म्हातारी झाली का ती?"

मी हातातली फाइल चाळायला लागलो. अक्कानं रोखून बघितलं. "खरं सांग."

"त्याच किरणांनी रक्त नासलं तिचं. त्यातच गेली."

"जवळ कोण हुतं?"

"लेक होती."

"बरं झालं," अक्का म्हणाली. तेवढ्यात तिचं नाव पुकारलं, तशी पदर सावरत ती आत गेली.

पुढं शेकानं तिचं तोंड आलं, घसा सोलवटला, आवाज बसला. मी वाचायचो, ती डोळे मिटून ऐकायची. कंटाळली की हात हलवायची. नंतर तो हातही उचलेना. शेवटी तिला गडहिंग्लजला नेलं, तिथं घरीच, भर दुपारी ती गेली.

पुस्तक निघालं तेव्हा पहिली प्रत घेऊन मी दाजींकडं गेलो. त्यांना फारसं वाचता येत नाही. शेडमधल्या बाईचं चित्र त्यांनी बराच वेळ बघितलं.

"ही तिला सांगितलेली गोष्ट व्हय?"

"व्हय."

"मग ह्यात तुमची अक्का कुठं हाय?"

दाजींनी पुस्तक मिटून तिच्या फोटोपुढं ठेवलं.

"एक वाक्य तरी घालायचं हुतं की, पावणं," एवढंच म्हणाले, आणि चहा ठेवायला आत गेले.