मुलांना घरी सोडण्याचं पत्र

ही हकीकत मी आजवर पुरी सांगितलेली नाही. अर्धी सांगितली, आणि ती अर्धीच आमच्या भजन मंडळाला इतकी आवडली की दत्तजयंतीला कुणी नवीन माणूस आलं की यजमान माझ्याकडे बोट दाखवून म्हणतात, "काकांना शारजाच्या रोल्लात दत्ताचं दर्शन झालंय, बरं का." मी मान खाली घालतो. लोकांना तो विनय वाटतो. उरलेली अर्धी गोष्ट सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं, कारण तिच्यात माझी लबाडी आहे. आता सत्तरी ओलांडली आहे, मुलाच्या व्हिसावर शारजात राहतो, सकाळी बाल्कनीत बसून नामस्मरण करतो आणि रोज त्याच एका जागी अडखळतो. म्हणून हे लिहून टाकतो आहे.

२००८ साली मी अबू धाबीजवळच्या मुसफ्फामध्ये स्टीलचं काम करणाऱ्या एका कंपनीत प्लॅनिंग मॅनेजर होतो. राहायला खलिफा सिटीत, एका व्हिलाच्या वरच्या मजल्यावर. दर शुक्रवारी, म्हणजे तेव्हाच्या सुट्टीच्या दिवशी, आमच्याकडे दत्ताचं भजन व्हायचं. ऑफिसात चहा आणि साफसफाई पाहणारी एस्थर केनियाची होती. मुसफ्फात राहून ती कामापुरती हिंदी शिकली होती. तिची बहीण आणि मेहुणा दोघंही एड्सने गेले होते, आणि त्यांची चार मुलं गावी म्हाताऱ्या आजीजवळ होती. एस्थर पगारातलं बहुतेक सगळं तिकडे पाठवायची. हे कळल्यावर आमच्या मंडळाने त्या मुलांना मदत करायचं ठरवलं. पुढाकार माझाच होता.

एस्थरचं मागणं साधं होतं. आजीच्या घरावर नवे पत्रे, मुलांना शाळेचे कपडे, आणि शेजारच्या नऊ बायकांना थोडा आधार. या बायकांनी आपसांत वाटून घेतलं होतं. एकीने पीठ द्यायचं, दुसरीने पाणी भरायचं, तिसरीने मुलांचा अभ्यास बघायचा, आजीला दवाखान्यात न्यायची पाळी चौथीची. त्यांच्यातल्या दोघींच्या घरीही तेच दुखणं होऊन गेलं होतं. मला हे काही पटेना. मी इंटरनेटवर नैरोबीजवळची एक संस्था शोधली. पक्की इमारत, डॉक्टर, कुंपण. आणि एक गोष्ट मी तेव्हा कुणाला बोललो नाही. त्या संस्थेत जेवणाची नवी खोली बांधली जात होती आणि तिथे देणगीदाराच्या सांगण्यावरून नावाची पाटी लावता येत होती. आपल्याकडे देवळाच्या पायरीपासून शाळेतल्या पंख्यापर्यंत सगळीकडे कुणा ना कुणाच्या 'स्मरणार्थ' लिहिलेलं असतं. माझी आई गेली तेव्हा मी सुट्टी न मिळाल्यामुळे पोहोचलो नव्हतो. तिचं नाव संगमरवरावर कोरलेलं मला बघायचं होतं. मातीच्या घरावर ती पाटी कुठे लावणार?

"सर, बच्चा लोग अनाथ नहीं है," एस्थर म्हणाली. "दादी है, मैं है, बाजूवाला लोग है."

"दादी बूढ़ी है, एस्थर. वहाँ बेड मिलेगा, डॉक्टर मिलेगा."

"बेड में दादी भी मिलेगा, सर?"

पलीकडच्या टेबलावरचा ड्राफ्ट्समन हसला, मीही हसलो. घरी हिलाही ते आवडलं नव्हतं. "अहो, तुम्हाला मुलं सांभाळायचीत की भिंत सजवायचीय?" असं तिने एकदा सरळ विचारलं. तुला यातलं कळत नाही, म्हणून मी विषय मिटवला. साहेब सांगतात म्हणजे भल्याचंच असणार, असं मानून एस्थरने शेवटी आजीची समजूत घातली. मुलं संस्थेत गेली. दोघी मुली एका इमारतीत, दोघे मुलगे दुसऱ्या. प्रायोजक म्हणून फॉर्मवर माझी सही होती.

संस्थेला मी दोष देत नाही. तिथे मुलांना स्वच्छ कपडे मिळत, पोटभर अन्न मिळे. पण सहाएक महिन्यांनी धाकटा ओवेन, पाच वर्षांचा, जेवेना झाला. मग बोलायचाही थांबला. मोठी लिलियन त्याला आठवड्यातून एकदाच भेटायची. एस्थर माझ्याकडे आली. मुलांना परत आजीकडे द्यायला संस्थेला विचारा, म्हणाली. त्यासाठी प्रायोजकाचं सहीचं मूळ कागदी पत्र पुरे, हे मी भरलेल्या फॉर्मवरच लिहिलं होतं; तिला ते ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, विचारून बघतो. दोन आठवड्यांनी तिने पुन्हा विचारलं तेव्हा मी सांगितलं, "संस्था मना कर रही है." वास्तविक मी विचारलंच नव्हतं. पाटी लागून तिचा फोटो यायचा होता, आणि ज्या मुलांच्या नावाने तो खटाटोप केला तीच निघून गेली तर मंडळात माझं काय राहणार, एवढाच माझा विचार होता. त्या काळात मी दर शुक्रवारी आरती म्हणत होतो, हेही इथे लिहून ठेवतो.

तोवर मंदी येऊन ठेपली होती. दुबईतले टॉवर अर्ध्यावर थांबले, आमच्या यार्डात तयार बीम उन्हात पडून राहू लागले. एका गुरुवारी सकाळी कमी करायच्या लोकांची यादी लागली. तिच्यात माझं नाव होतं आणि एस्थरचंही. मी पँट्रीत गेलो तेव्हा ती कप पुसून फळीवर लावत होती.

"सर, मेरा नौकरी गया, ठीक है," ती म्हणाली. "एक बार और पूछो ना उनको. शनिवार के बाद लड़का लोग को दूसरा जगह भेजता है, बहुत दूर. ओवेन उधर नहीं बचेगा." मग कप खाली ठेवून म्हणाली, "आपका भी नाम है ना लिस्ट में? मैं आपके लिए प्रेयर करेगी."

मी माझ्या टेबलाशी गेलो आणि दहा मिनिटांत पत्र लिहून सही केली. इतके आठवडे जे अडलं होतं, त्याला दहा मिनिटं लागली. एस्थरला म्हटलं, संस्थेचे लोक तयार झालेत. कुरिअरवाला म्हणाला, लवकरात लवकर सोमवार. मग कुणीतरी सुचवलं की रोल्लात आफ्रिकेला माल पाठवणारी कार्गो ऑफिसं आहेत, तिथे रोज कुणी ना कुणी नैरोबीला जाणारं भेटतं. हिने सकाळी दिलेला डबा तसाच घेऊन मी टॅक्सीने शारजा गाठलं.

चार-पाच दुकानं फिरलो. "खलास भाई, आज का आदमी गया," हेच उत्तर. शेवटच्या दुकानाबाहेर पायरीवर बसलो, मगरिबची, सूर्यास्ताची अजान चालू होती. गुरुवार होता, पण दत्ताचं नाव तोंडात येईना. मागायला तोंडच राहिलं नव्हतं. शेजारी एक थोराड आफ्रिकन बाई लहान मुलांच्या कपड्यांचं गाठोडं बांधत होती. माझ्याकडे न बघताच तिने दोरीचं टोक पुढे केलं. "हबीबी, पकड़ो. ज़ोर से." मी धरलं. तिने गाठ मारली आणि विचारलं, "खाने का कुछ है?" मी डबा दिला. पोळ्या आणि मटकीची उसळ तिने तिथेच उभ्यानं संपवली, डबा पुसून परत दिला. मग माझ्या हातातल्या पत्राच्या पाकिटाकडे बोट केलं. मी सगळं सांगितलं. अगदी सगळं नाही.

"तुम्हारा बच्चा है?"

"नहीं."

"दादी का बच्चा है?"

"हाँ."

"तो दादी को तुम्हारा चिट्ठी क्यों चाहिए?"

मी पाकीट तिच्यापुढे धरलं. तिचं विमान त्याच रात्री होतं. संस्थेचा पत्ता आणि आजीच्या शेजारणीचा फोन नंबर वर लिहिलेलं ते पाकीट तिने कमरेच्या कापडात खोचलं. मी खिशातून दिरहम काढले तर म्हणाली, "यल्ला, घर जाओ. बीवी राह देखता होगा." मी तिचं नावही विचारलं नाही.

शनिवारी दुपारी एस्थरचा फोन आला. चारही मुलं आजीसोबत बसमध्ये होती. त्या बाईने आजीला निरोप धाडला होता, शेजारच्या दोघी आजीला घेऊन निघाल्या, आणि त्या फाटकाशी पोहोचेपर्यंत ती बाई पत्र घेऊन तिथे बसून राहिली होती. मुलं बाहेर आल्यावर ती निघून गेली. तिसऱ्या दिवशी ओवेनने आजीच्या हातून खाल्लं. ती कोण होती, याबद्दल मी वाद घालत नाही. गुरुवारी माझ्यासमोर जो भुकेला उभा राहिला त्याला मी डबा दिला, बाकी त्याने केलं, इतकं मला पक्कं ठाऊक आहे. अवधूताने चोवीस गुरू केले, त्यांत पाणी होतं आणि पाखरूही होतं. मला त्या संध्याकाळी पायरीवर एका प्रश्नात गुरू भेटला.

दोन महिन्यांत मला शारजात दुसरी नोकरी लागली. कृपेला मर्यादा नसते म्हणायचं. त्यानंतर आमचं मंडळ त्या नऊ बायकांनाच मदत पाठवू लागलं. काय करायचं ते त्या ठरवत. पत्रे बसले, एक गाय आली, मग आणखी सात घरांतली मुलं त्यांच्या पाळीत आली, आणि सगळी आपापल्या आज्या-मावश्यांजवळ वाढली. लिलियन आज शिक्षिका आहे. ओवेन इतकं बोलतो, म्हणे, की आजीला झोपू देत नाही. आपण धरून ठेवलेलं सोडलं की देवाला हात घालायला जागा होते, हे मी शिकलो, आणि याबद्दल मनात तिळभर शंका नाही. मी मागितलंही नव्हतं, तरी त्याने ते करून घेतलं, आणि तेही माझ्याच हातांनी. त्याचे उपकार फिटायचे नाहीत.

एस्थर देश सोडण्याआधी आमच्या घरी आली होती. हिने तिला साबुदाण्याची खिचडी वाढली. जाताना तिने माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "सर, आपने उन लोग को कैसे मनाया?" हिने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "ऊपरवाले की मर्ज़ी." पुढे दर दिवाळीला तिचा फोन यायचा. दर वेळी मी मनाची तयारी करायचो. एकदा "एस्थर, वो चिट्ठी..." इथपर्यंत पोहोचलोही. ती म्हणाली, "बोलो ना सर." मागे मुलं हसत होती. मी विचारलं, तिकडे पाऊस कसा आहे. मागल्या वर्षी फोन लिलियनचा आला. एस्थर गेली होती, दोन दिवसांच्या तापाने. लिलियनने सांगितलं, मावशी शेवटपर्यंत तुमचं नाव घेऊन प्रार्थना करायची.

तिला जे सांगायचं होतं, ते हिंदीतच पाठ केलेलं आहे, कारण आमचं बोलणं हिंदीतच व्हायचं. एस्थर, उन लोगों ने कभी मना नहीं किया था. मैंने पूछा ही नहीं था. मुझे माफ़ करना.