पेंढीच्या भारानं जवळ केलेली हरणं

एकोणीसशे तिसानंतरच्या त्या वर्षांत मी बारामतीला कालव्याच्या कचेरीत कारकून होतो. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. बायको इंदापूर तालुक्यातली, भिगवण स्टेशनापासून दोन कोसांवरच्या एका वस्तीतली. मी पुण्याच्या पेठेत वाढलेला. जनावर म्हणजे टांग्याचं घोडं, एवढीच माझी ओळख. थोरल्या भावानं नवा कॅमेरा घेतला तेव्हा त्याचा जुना, काळ्या पेटीसारखा, माझ्याकडे आला. एका रोलवर आठ फोटो निघत. पोटाशी धरायचा, वरच्या इवल्या काचेत बघायचं आणि खटका ओढायचा.

त्या फाल्गुनात एका सकाळी आम्ही दोघं सासुरवाडीहून परत निघालो. सासरे म्हणाले, "गाडी जुंपतो की जावईबापू."

"आमी चालत जातो, तात्या," बायकोनंच परस्पर सांगितलं. "ह्यास्नी हरणांचा फोटू काढायचाय."

सासऱ्यांनी माझ्या कोटाकडं, टोपीकडं नि बुटांकडं पाहिलं.

अर्ध्या तासात माळावर कळप दिसला. पंधरा-वीस तांबूस माद्या आणि मधोमध एकच काळवीट. पाठ शाईसारखी काळी, पोट पांढरं, पीळदार शिंगं. मी कंबरेत वाकून दबकत निघालो. दोनशे पावलांवर असतानाच सगळी उधळली. घाईनं मी खटका ओढला. पुन्हा गेलो, पुन्हा तेच. दोन फोटो वाया गेले, धोतरात कुसळं भरली, आणि बायको बाभळीखाली पदर तोंडाला लावून हसत होती.

"असं दबकत कोण जातं? त्यास्नी वाटतं, ह्यो धरायला आला," ती म्हणाली. "बाया रोज हिकडनं भारा घेऊन जात्यात, त्यास्नी ती भीत न्हाईत."

जवळच्या रानात एक म्हातारी कडबा रचत होती. बायकोनं तिच्याकडे एक पेंढी मागितली.

"कशाला गं?"

"हरणांपशी जायचंय."

म्हातारीनं आणखी काही न विचारता पेंढी तिच्या डोक्यावर चढवून दिली. बायकोनं कॅमेरा पदराखाली घेतला. "आता ह्ये कसं चालवायचं ते सांगा."

मी सांगितलं. ऊन पाठीवर घे, हात हलू देऊ नकोस, खटका ओढलास की मागच्या काचेत पुढचा आकडा दिसेपर्यंत चावी फिरव. मनात मात्र रोल गेलाच असं धरून चाललो होतो.

ती कळपाच्या दिशेनं गेलीच नाही. तिरकी, खाली बघत, घराकडे निघाल्यासारखी चालत राहिली. माद्यांनी माना वर केल्या, पाहिलं आणि पुन्हा चरू लागल्या. होता होता ती वीस-पंचवीस पावलांवर पोचली. थांबली. पेंढी डोक्यावर तशीच तोललेली, दोन्ही हात कॅमेऱ्यावर. काळवीट तिच्याकडे सरळ बघत उभा होता. ती चावी फिरवताना दिसली. एकदा, दोनदा, पुढं मी मोजायचंच विसरलो.

आणखी चार पावलं टाकून ती एकदम खिळली. पायाशी बघू लागली. त्या माळावर विषारी फुरशी फार. ओरडावं तर कळप उधळेल, न ओरडावं तर... तेवढ्यात ती हळूहळू मागं सरली आणि लांबचा वळसा घालून परत आली. डोळे भरून आले होते.

"पाडस हुतं," ती म्हणाली. "आत्ताच जन्मलेलं. अजून वलं हुतं. माझ्या पायापशी निपचित पडलं हुतं."

"मग? काढलास ना फोटो?"

"न्हाय. त्याची आय समोर उभी हुती. मी तितंच ऱ्हायले असते तर ती जवळ आली नसती."

क्षणभर मला राग आला. रोलवर एक फोटो शिल्लक होता. पण आम्ही बाभळीखाली बसून राहिलो आणि थोड्या वेळानं ती मादी खरोखरच आली, खाली वाकून चाटू लागली. गवतातून दोन कान वर आले. आम्ही दोघांनी ते नुसतं पाहिलं. पेंढी परत करायला गेलो तेव्हा म्हातारीनं आम्हाला ताकही दिलं. स्टेशनावर गाडी मिळाली ती अगदी धावतपळत.

रोल पुण्याहून धुऊन आला. माझ्या दोन फोटोंत माळ आणि काही ठिपके. तिच्या पाचांतले दोन हललेले, दोन बरे. आणि एकात तो काळवीट, कान टवकारून, शिंगांचा पीळ मोजता येईल असा.

मी तो कचेरीत नेला. सगळे भोवती जमले. "तुम्ही काढलात?" कुणीतरी विचारलं, आणि मी नुसता हसलो. पुढच्या रविवारी एक सहकारी घरी आले आणि बायकोसमोरच माझ्या धाडसाचं कौतुक करू लागले. ती चहा ठेवून आत गेली. चेहऱ्यावर काहीही नाही. एका शब्दानं मला खाली बघायला लावू शकली असती. लावलं नाही. तेच मला सोसवेना.

"फोटो हिनं काढलाय," मी म्हणालो. "मी झाडाखाली बसलो होतो."

सहकारी गडबडले. मग उठून आतल्या दाराकडे वळले नि मोठ्यानं म्हणाले, "वहिनी, शाबास!"

आज इतक्या वर्षांनी त्या सकाळचं मोल कळतं. पेंढी देणाऱ्या म्हातारीचं ऋण आहे, त्या मादीचं आहे. आणि सर्वांत जास्त बायकोचं, जिनं मला थांबून बघायला शिकवलं. त्या रविवारी पाहुणे गेल्यावर ती बाहेर आली, कपबश्या उचलल्या आणि एवढंच विचारलं, "दुसरा रोल कधी आणताय?"