मी पाहिलेला तणमोर

हे बायकोलासुद्धा ठाऊक नाही. तिला माझं बाकी सगळं ठाऊक आहे — मी कुठे चिडतो, कुठे खोटं हसतो, ताटातली कुठली भाजी गुपचूप बाजूला सारतो. पण हे एवढं एक तिलाही कधी सांगितलं नाही. मग तुम्हालाच का सांगतोय? आपली ओळख नाही, म्हणून जमेल असं वाटतं. बघू या.

गोष्ट नव्वदीच्या अगदी शेवटच्या वर्षांतली. इंटरनेट म्हणजे काय हे सांगलीत फारसं कुणाला माहीत नव्हतं, आणि आम्ही काही खुळी माणसं त्यावर मराठी पक्षीकोश करायला निघालो होतो. साताऱ्याचे तात्या, चित्रकलेचे निवृत्त शिक्षक, आमचे म्होरके. त्यांचा भाचा अमेरिकेत होता, तो तिकडून सगळं इंटरनेटवर चढवायचा. लेख आम्ही लिहायचो, घरच्यांची बोलणी खाऊन. एकाने लिहायचं आणि बाकीच्यांनी ते खुशाल खोडायचं, त्यात भर घालायची, असा रिवाज. विश्रामबागेतल्या एका सायबर कॅफेत बसून टाइप करण्याचं काम माझ्याकडे होतं.

तात्यांचा एक नियम मात्र कडक होता — दुसरी नजर. दुर्मिळ पक्षी पाहिला असं कुणी म्हटलं, की दुसऱ्याने त्याच जागी जाऊन तो पाहायचा, मगच लेखात घ्यायचा. तेही एकट्याने. पहिल्याने सोबत जायचं नाही, बोट दाखवायचं नाही. भिडेखातर कुणी ‘हो’ म्हणू नये म्हणून. भिडेखातर नव्हे तर दुसऱ्याच कशाखातर कुणी ‘नाही’ म्हणेल, हे तात्यांच्या मनात कसं येणार?

तणमोराचा लेख माझा होता. गवताळ माळावरचा हा पक्षी आमच्याकडे पूर्वी दिसायचा, पुढे दिसेनासा झाला — खरं तर एवढंच लिहायचं होतं. पण त्याला कायमचा निरोप देणारा शेवटचा उतारा मी असा काही लिहिला, की तात्यांनी तो बैठकीत मोठ्याने वाचला आणि मग चष्मा काढून पुसत बसले. परदेशातल्या कुणा मराठी माणसाने ई-मेल करून कौतुक केलं. तो ई-मेल मी छापून घेतला आणि ऑफिसात टेबलाच्या काचेखाली ठेवला. हसू नका — किंवा हसा. वाचून कुणाचे डोळे ओले व्हावेत असं दुसरं काही मी जन्मात लिहिलेलं नाही.

आणि मग दिनकर म्हणाला, त्याने तणमोर पाहिला.

दिनकर माझा कॉलेजपासूनचा मित्र. कवठे महांकाळला हायस्कूलवर गणित शिकवायचा आणि आमच्या कोशासाठी लिहायचा. त्याच्या चुलत्यांचं गावाबाहेर पडीक रान होतं, गुडघाभर गवताचं. पक्षी तिथेच दिसला होता. त्यांना तिथे डाळिंब लावायचं होतं. दिनकरने हातापाया पडून त्यांना थांबवलं होतं. चुलते सरळ माणूस. साताऱ्याची मंडळी पक्षी आहे म्हणाली तर रान तसंच ठेवतो, असं त्यांनी कबूल केलं होतं. दुसरी नजर म्हणून तात्यांनी माझं नाव घेतलं. लेखच माझा, तेव्हा मी जाणं ओघानंच आलं. दिनकरला कोण आनंद! “तू जातुयास म्हंजे झालं गड्या,” तो म्हणाला, “तुला दिसंलच.”

दिसला.

श्रावणातली सकाळ होती. मी बाभळीखाली बसलो होतो आणि — आता लपवून काय करू — तो दिसू नये असंच मला वाटत होतं. तेवढ्यात गवतातून काहीतरी काळं वर उसळलं, पंख फडफडले आणि परत गवतात पडलं. मग पुन्हा. मग पुन्हा. मान काळीभोर, खांद्याशी पांढरं, डोक्यामागे ती लांब बारीक पिसं. चित्रात पाहून पाहून पाठ केलेला पक्षी समोर उड्या मारत होता. अंगावर काटा आला माझ्या. आणि त्याच क्षणी मनात काय आलं? माझा उतारा गेला. बस्स, एवढंच.

परतीच्या एसटीत मी स्वतःशीच पुष्कळ वकिली केली. एकटाच तर दिसला, उद्या उडून जाईल, त्याच्यासाठी अख्खा लेख कशाला बदलायचा? पण ती वकिलीच होती. साताऱ्याच्या बैठकीत मी सगळ्यांसमोर सांगितलं, की उन्हं कलेपर्यंत बसलो, काही दिसलं नाही. तेवढ्यावर तरी थांबायचं! पण मी पुढे म्हणालो, की गवतात एखादा कावळा उड्या मारत असेल, आमच्या गणिताच्या मास्तरांचा हिशेब चुकला. सगळे हसले. मीही हसलो.

दिनकर भांडला नाही. भांडला असता तर मी कदाचित — नाही, ते जाऊ दे. तो हळूच म्हणाला, “तू बसलावतास न्हवं तितं? मग मलाच भास झाला आसंल गड्या.”

माझ्यावर त्याचा एवढा विश्वास होता. स्वतःच्या डोळ्यांपेक्षा जास्त.

चुलत्यांना त्यानेच जाऊन सांगितलं. रानात ट्रॅक्टर फिरला. दिनकरने तात्यांना निरोप धाडला, की आपल्या नजरेचा भरवसा नाही, आपल्या बाकीच्या नोंदीही काढून टाका. त्या कुणी काढल्या? मीच काढल्या, विश्रामबागेत बसून, एकेक करून. सगळ्या खऱ्या होत्या. त्यानंतर तो बैठकीला आला नाही. तणमोराचा लेख तेवढा जसाच्या तसा राहिला.

गेल्या वर्षी मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला मी त्याच्याकडे गेलो. लांबून डाळिंबाची बाग दिसली, तिकडे मी पाहिलं नाही. आम्ही अंगणात बसलो होतो. कुंपणापलीकडे एक पक्षी सारखा गात होता. वहिनी चहा घेऊन आल्या आणि दिनकरला म्हणाल्या, “आवं, कवाधरनं वरडतंय, कंचं पाखरू म्हनायचं ह्ये?”

“मला काय कळतंय त्यातलं?” दिनकर म्हणाला. “ह्याला इचार. ह्यो कवा चुकायचा न्हाई.”

तो आवाज कॉलेजात असताना मला त्यानेच ओळखायला शिकवला होता. मी कपातून नजर वर केली नाही. चंडोल आहे वहिनी, असं सांगितलं.

“आसंल,” दिनकर म्हणाला.