घासलेली नळी

शांतीलालशेठच्या दुकानातले फुटाणे कारंजा गावात सगळे खातात, पण ते भाजते भागिरथाबाई, हे फार थोड्यांना ठाऊक. ऐन उमेदीत ती या भट्टीवर आली आणि इथेच तिचे केस पिकले. बाई कामाची पक्की, पण स्वच्छतेचं भलतंच वेड. मळकं काही दिसलं की तिचे हात शिवशिवायचे. त्याच हातांनी यंदा घात केला.

भट्टीच्या पोटात एक नळी असते. तिच्या आत जाळ, बाहेरून पंख्याची हवा. ती तापलेली हवा हरभरे भाजते. जुन्या लोखंडी नळ्यांना त्या हवेनंच पोपडे सुटायचे आणि फुटाण्यांत पडायचे. भागिरथाबाई ते दर आठवड्याला खरवडून काढायची. शेवटी वैतागून शेठनी निकेल-क्रोमची महागडी नळी बसवली आणि बजावलं, "बाई, हेही खराब झाली तं भट्टी बंदच करतो."

थोड्याच दिवसांत नव्या नळीवर काळपट थर धरला. बाईने सवयीने राख आणि तारेचा ब्रश घेतला, नळी लखलखीत करून टाकली आणि वर स्वतःवरच खूश झाली. मग तपासणीला वाशीमहून विनोद मिस्त्री आला. त्याने कपाळावर हात मारून घेतला.

"काकू, काहून घासली? तो मळ नोय. गरम हवेनं धातूवर पातळ साल धरते, तेच आतल्याले वाचवते. आन् राखेतला खार राह्यला असंन तं नवी साल नीट धरत नाही."

"धुतली ना बाप्पा, लय धुतली," भागिरथाबाई म्हणाली. भट्टी बंद झाली तर या वयात कोणाच्या वावरात निंदायला जायचं? शेठ दुकानातून उठून भट्टीपाशी येऊन बसले. ते रागावले असते तर बरं, असं तिला वाटलं.

"रिकामीच तापवून पाहू," विनोद म्हणाला. "थंड होताना समजते. साल कच्ची असली तं तडतड उडते."

नळी लालभडक तापवली आणि जाळ बंद केला. तिघेही कान देऊन बसले. पोपडे सुटतानाची तडतड भागिरथाबाईने जन्मभर ऐकली होती. आज भट्टीतून आवाज म्हणून आला नाही. नळी पुरती निवल्यावर विनोदने पांढरा रुमाल फिरवला. एक कण निघाला नाही.

"धरली काकू! घट्ट धरली. पन आता पुन्हा घासू नोका."

भागिरथाबाई रडता रडता हसू लागली. डोळे पुसताना तिचं लक्ष बाहेर गेलं, तर बाजारात दिवे लागलेले. दुकानात गिऱ्हाईक असो की पाहुणा, शेठ दिवस मावळायच्या आत घरी जाऊन जेवायचेच. नंतर पाण्याचा घोटसुद्धा नाही.

"शेठजी, तुमचं जेवन?"

"राह्यलं," शेठ कोरड्या ओठांनी हसले. "घरी बसून घास उतरला असता काय, बाई? सकाळी फुटान्यांचा पयला घाना काढा. मी उपाशीच येतो."